तीन मजल्यांचं गुलमर्ग: हिवाळी सहलीचा आणि स्कीइंगचा बेत कसा आखावा

गुलमर्गचा बेत आपल्याकडे बहुधा सुट्ट्यांकडे बघून ठरतो. नाताळात शाळा बंद असतात, फेब्रुवारीत परीक्षांची धांदल सुरू होते, एप्रिल-मे मोकळे मिळतात. त्यातच विमानाचं स्वस्त तिकीट सापडलं की तारीख पक्की. मग सहल कंपनीला किंवा हॉटेलला एक प्रश्न विचारला जातो, ‘तेव्हा बर्फ असेल ना?’ समोरून ‘असेल की’ असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं, कारण गुलमर्गच्या डोंगरावर कुठे ना कुठे बर्फ वर्षातले कित्येक महिने असतोच. गडबड होते ती ‘कुठे’ हा शब्द प्रश्नातून गळल्यामुळे. ज्या दिवशी हॉटेलच्या अंगणात चिखल असतो, त्याच दिवशी तेराशे मीटर वर कंबरभर कोरडा बर्फ असू शकतो. आणि ज्या दिवशी अंगणात पांढरीशुभ्र शाल पसरलेली असते, त्या दिवशी वर जाणं जिवावर बेतू शकतं. गुलमर्ग म्हणजे एकावर एक रचलेली तीन ठिकाणं आहेत. कधी जायचं, किती दिवस राहायचं, कुठवर चढायचं आणि अंगावर काय घालायचं, हे सगळे निर्णय उंचीच्या हिशेबाने घेतले तर सहसा पस्तावायची वेळ येत नाही.

आधी हे मजले समजून घेऊ. गुलमर्ग काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेच्या खोऱ्याकडच्या कुशीत आहे. श्रीनगरहून अंतर सुमारे ५० किलोमीटर. श्रीनगरची उंची १,५८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम साठ मीटर कमी. तिथून रस्ता टंगमर्गला येतो आणि शेवटच्या तेराएक किलोमीटरमध्ये सूचिपर्णी जंगलातून वळणं घेत सुमारे २,६५० मीटरवरच्या बशीसारख्या खोलगट कुरणात पोचतो. हा पहिला मजला. हॉटेलं, बाजार, गोल्फचं मैदान आणि नवशिक्यांचे स्कीचे उतार इथे आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेला गोंडोलाचा (तारेवरच्या पाळण्यांचा) पहिला टप्पा इथून कोंगदूरीला, साधारण ३,०५० मीटरवर नेतो. हा दुसरा मजला, जंगलाच्या वरच्या काठाजवळचा. २००५ पासून दुसरा टप्पा तिथून उचलून सुमारे ३,९५० मीटरवर, अफरवट शिखराच्या खांद्यावर सोडतो. तिथे झाड नावाला नाही. फक्त खडक, वारा आणि बर्फ. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला नंगा पर्वत दिसतो. खालून वर जायला गोंडोलाला तासही लागत नाही, आणि त्या तासाभरात माणूस तीन वेगळ्या हवामानांतून जातो.

हवामान वेगळं कसं, ते साध्या गणितानेही कळतं. उंची वाढते तशी हवा थंड होत जाते. सरासरीने दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सियस. कुरणात शून्य अंश असेल तर टंगमर्गला तीनेक अंश, कोंगदूरीला उणे अडीच आणि वरच्या स्थानकावर उणे साडेआठच्या आसपास, असा हा हिशेब. त्यामुळे एकच ढग टंगमर्गला पाऊस पाडतो, कुरणात ओला, जड बर्फ टाकतो आणि अफरवटवर पिठासारखा भुरभुरीत बर्फ पसरतो. स्कीवाले ज्याला ‘पावडर’ म्हणतात तो हाच. जानेवारीत कुरणातलं दिवसाचं तापमान शून्याच्या जरा वर आणि रात्रीचं उणे सात-आठपर्यंत असतं. म्हणजे पहिला मजला सतत गोठणबिंदूच्या उंबरठ्यावर उभा असतो. एखाददुसऱ्या अंशाने चित्र पालटतं. तिसरा मजला त्या उंबरठ्यापासून बराच आत आहे. पहिल्या मजल्यावरच्या बर्फाची खात्री कुणालाच देता येत नाही आणि तिसऱ्याची बऱ्यापैकी देता येते, याचं मूळ इथे आहे. या नियमाला एक अपवाद लक्षात ठेवा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन बशीच्या तळाशी साचते आणि पहाटे कुरणच आजूबाजूच्या उतारांपेक्षा जास्त गारठलेलं असू शकतं. सकाळी हॉटेलबाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे म्हणून वरचा बेत रद्द करू नका. ऊन आलं की चित्र बदलतं.

आता मुद्दा बर्फ येतो कुठून याचा. आपल्या मनात पाऊस म्हणजे मोसमी वारे. पण काश्मीरच्या हिवाळ्याशी त्यांचा संबंध नाही. इथला बर्फ आणतात पश्चिमी विक्षोभ, हवामानाच्या बातम्यांमधले ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरात तयार झालेल्या या कमी दाबाच्या प्रणाली उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तान ओलांडत पूर्वेला सरकतात, वाटेत अरबी समुद्रावरचीही वाफ उचलतात आणि हिवाळ्यात महिन्याला साधारण चार-सहा या संख्येने उत्तर भारतावरून जातात. सगळ्या सारख्या जोमाच्या नसतात. बऱ्याच नुसते ढग दाखवून निघून जातात. जोमदार विक्षोभातली दमट हवा पीर पंजालला अडते, वर चढते, थंड होते आणि बर्फ टाकते. सह्याद्रीच्या बाबतीत हे आपण रोज पाहतो. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस वाईला पोचेपर्यंत आटतो. मग पीर पंजालच्या धारेच्या ईशान्येकडे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला असलेलं गुलमर्ग कोरडं का राहत नाही? कारण ते धारेपासून दूर नाही, थेट तिच्या कुशीत आहे. बर्फाचे कण पावसाच्या थेंबांपेक्षा हलके असल्याने वारा ते धारेवरून पलीकडे वाहून आणतो, शिवाय धारेवर पडलेला बर्फही खरवडून याच उतारांवर टाकतो. पूर्व-ईशान्येला तोंड असलेल्या या उतारांवर हिवाळ्यातलं ऊनही तिरपं आणि थोडा वेळ पडतं, त्यामुळे पडलेला बर्फ टिकतो. उत्तम बर्फाचं कारण हे आहे, आणि पुढे दिसेल की धोक्याचं कारणही हेच आहे.

इथून एक गोष्ट ओघाने निघते, जिच्याकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, त्यानंतरचे वीस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा ‘चिल्लई बच्चा’. यातला पहिला भाग सर्वांत कडक, म्हणून तेव्हा बर्फही सर्वाधिक असणार असं पर्यटक गृहीत धरतो. पण कडाक्याच्या रात्री बहुधा निरभ्र असतात आणि निरभ्र आकाशातून बर्फ पडत नाही. बर्फासाठी थंडीबरोबर ओलावा लागतो, आणि ओलावा विक्षोभाच्या मर्जीवर. २०२४ च्या जानेवारीत हे सगळ्या देशाने पाहिलं. चिल्लई कलान सरत आला तरी गुलमर्गचं कुरण तपकिरी होतं; बर्फ आला तो महिन्याच्या शेवटी. मात्र २१ ते २५ फेब्रुवारीला तिथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, याच स्पर्धा २२ ते २५ फेब्रुवारीला ठेवल्या होत्या. बर्फ पुरेसा नव्हता म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि अखेर ९ ते १२ मार्चला झाल्या. सरकारी यंत्रणा दिमतीला असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेलाही तारखेवर विसंबता आलं नाही, तिथे चार महिने आधी पक्कं केलेल्या पॅकेजची काय कथा!

यावर कुणी म्हणेल, दोन वर्षांच्या उदाहरणांवरून नियम काढणं घाईचं आहे. काश्मीरने याआधीही कोरडे हिवाळे पाहिले आहेत. आक्षेप रास्त आहे. बेत आखणाऱ्याला मात्र हवामानबदलाचा खटला सिद्ध करायचा नसतो, त्याला एवढंच ठरवायचं असतं की आपले पैसे आणि रजा कुठे सुरक्षित आहेत. एखादी गोष्ट दहापैकी दोन-तीन वर्षं दगा देत असेल तर ती कायमची बिघडली की नाही या वादात न पडता आपण पर्याय ठेवून चालतो. पावसाळी ट्रेकची तारीख ठरवताना आपण हेच करतो. आणि दिशा कुठली आहे याचा अंदाज साध्या तर्काने येतो. हवा एका अंशाने तापली तर शून्य अंशाची रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. याचा पहिला फटका गोठणबिंदूच्या उंबरठ्यावरच्या पहिल्या मजल्याला बसणार. तिसऱ्याला त्याची झळ उशिरा लागेल. म्हणजे येत्या काळात ‘उंची पाहा’ हा सल्ला अधिकच खरा ठरत जाणार आहे.

तर मग जायचं कधी? कुरणात बर्फ हवा असेल, म्हणजे लहान मुलांना खेळायचं असेल किंवा स्की शिकायची असेल, तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा काळ सर्वांत सोयीचा. तोवर दोन-तीन जोमदार विक्षोभ येऊन जाण्याची शक्यता असते आणि पडलेला बर्फ साचून खालचा थर घट्ट झालेला असतो. नाताळचा आठवडा सर्वांत बेभरवशाचा. गर्दी कमाल, दर चढे आणि बर्फ मात्र नशिबावर. मार्च हा दुर्लक्षित महिना आहे. कुरणातला बर्फ दुपारी पाणथळ होतो हे खरं, पण वरच्या दोन मजल्यांवर साठा भरपूर, दिवस मोठा आणि थंडी सोसवेल अशी असते. मे महिन्यात जाणाऱ्यांनी कुरण हिरवं आणि फुललेलं असणार हे धरूनच जावं. गुलमर्ग या नावाचा अर्थच फुलांचं कुरण. तेव्हा बर्फ पाहायचा तर तो तिसऱ्या मजल्यावर, तोही अवशेषरूपाने आणि गोंडोलाचं दुसऱ्या टप्प्याचं तिकीट हाती असेल तरच. हे तिकीट ऑनलाइन आणि आगाऊ काढायचं असतं, तिथे पोचल्यावर मिळेल या भरवशावर राहू नका.

‘रजा आमच्या हातात नाही, मग या सगळ्याचा उपयोग काय?’ असं नोकरदार वाचक विचारतील. तारीख बदलता येत नसेल तर मुक्काम बदला. बहुतेक सहलींमध्ये गुलमर्ग श्रीनगरहून एका दिवसात उरकलं जातं. सकाळी निघा, दुपारी घोडा किंवा स्लेज, संध्याकाळी परत. तीन मजल्यांच्या डोंगराला यापेक्षा मोठा अन्याय नाही. पश्चिमी विक्षोभाचा जोर साधारण एक-दोन दिवस टिकतो आणि मग उघडीप मिळते. तीन किंवा चार रात्री गुलमर्गलाच राहिलात तर त्यात एखादा उघडा दिवस सापडण्याची शक्यता चांगली वाढते, आणि तो सापडला की त्या दिवशी वर जायचं, ढगाळ दिवशी कुरणात आणि जंगलात फिरायचं, असा क्रम तुम्ही ठरवू शकता. यासाठी हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज पाहा. अंदाज चुकतात हा अनुभव सगळ्यांचाच आहे, पण कोणत्या बाबतीत चुकतात ते पाहिलं तर उपयोग करता येतो. विक्षोभ हजारो किलोमीटर पसरलेला असतो आणि उपग्रहाच्या चित्रात आधीपासून दिसतो, त्यामुळे तो कधी पोचणार हे तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. किती इंच बर्फ पडणार, हे मात्र डोंगराच्या चढ-उतारावर ठरतं आणि तिथे आकडा हमखास हलतो. म्हणून अंदाजातला वार धरा, इंच सोडून द्या. आणखी एक सूचना. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. अंदाज पाहायला फोन चालायला हवा, तर घरातलं एक तरी पोस्टपेड कनेक्शन बरोबर ठेवा.

स्की शिकणाऱ्यांसाठी मजल्यांची वाटणी सरळ आहे. पहिले काही दिवस कुरणातच काढायचे. इथले उतार सौम्य आहेत, वर ओढून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत, आणि पडलात तर लागण्यापेक्षा हसू जास्त होतं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था इथेच आहे आणि तिचे निवासी अभ्यासक्रम चालतात. मनापासून शिकायचं असेल तर तासावर पैसे घेणाऱ्या हौशी शिक्षकापेक्षा असा आठवडा-दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम कितीतरी फायद्याचा. कोंगदूरीचा मजला त्यांच्यासाठी, ज्यांना हवं तिथे थांबता येतं आणि दोन्ही बाजूंना वळता येतं. अफरवटवरून खाली येणं ही वेगळीच विद्या आहे. युरोपातल्या स्की केंद्रांसारखे यंत्राने सपाट केलेले, खुणांनी आखलेले मार्ग तिथे जवळजवळ नाहीत. सगळा उतार नैसर्गिक बर्फाचा, खोल आणि बदलत राहणारा. जगभरचे स्कीपटू इथे येतात ते याच कारणासाठी. कुरणात तीन दिवस छान जमलं म्हणून चौथ्या दिवशी तिथे जाणं म्हणजे तरणतलावात पोहायला शिकून थेट भरतीच्या समुद्रात उडी घेणं.

आता धोक्याचं बोलू. वारा धारेवरचा बर्फ खरवडून आडोशाच्या उतारावर टाकतो हे वर आलंच आहे. असा वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ वरून घट्ट दिसतो, पण तो लादीसारखा एकसंध असतो आणि खालच्या थराला नीट चिकटलेला असेलच असं नाही. त्यात हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडा आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या असल्या तर जमिनीची ऊब आणि पृष्ठभागाची थंडी यांच्या ओढाताणीत खालचा थर साखरेसारखा रवाळ, सुटा बनतो. पुढे जोरदार हिमवृष्टी झाली की सुट्या साखरेवर जड लादी ठेवल्यासारखी स्थिती होते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका स्कीपटूच्या वजनानेही ती लादी सुटते. हेच हिमस्खलन. म्हणजे कोरड्या गेलेल्या महिन्यानंतर अचानक पडलेला भरघोस बर्फ, ज्याची सगळे वाट पाहत असतात, तोच सर्वांत संशयास्पद. अफरवटच्या परिसरातल्या नोंदी फेब्रुवारीभोवतीच घुटमळतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धप्रशिक्षण संस्थेचे १७ जवान खिलनमर्ग भागात हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला दोन पोलिश स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला, जोरदार हिमवृष्टीनंतर, एक रशियन स्कीपटू असाच दगावला. यातलं कुणीही अननुभवी नव्हतं असं म्हणायला जागा आहे. जवान तर बर्फात वावरण्याचंच शिक्षण घेत होते.

‘पण गोंडोला सुरू आहे, म्हणजे वर सुरक्षित असणारच ना?’ हा गैरसमज इतका खोल रुजलेला आहे की तो वेगळा उकरून काढायला हवा. गोंडोला चालू असणं एवढंच सांगतं की वाऱ्याचा वेग पाळण्यांना झेपणारा आहे. वरच्या स्थानकातून बाहेर पडून तुम्ही कुठल्या उतारावर पाऊल टाकता, याच्याशी त्या निर्णयाचा संबंध नाही. गोंडोलाच्या मार्गाखालच्या मुख्य उतारावर स्की गस्तीपथकाची नजर असते. त्या हद्दीच्या डावी-उजवीकडे पाचशे मीटर गेलात की तुम्ही रानटी डोंगरावर आहात. संरक्षण संशोधन संस्थेच्या भू-माहितीशास्त्र विभागाकडून जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे निघतात आणि जिल्हा प्रशासन ते जाहीर करतं; ते वाचा, पण जिल्ह्याचा इशारा म्हणजे तुमच्या पायाखालच्या उताराचा इशारा नव्हे हेही ध्यानात ठेवा. हद्दीबाहेर जाणाऱ्याने स्थानिक, नावाजलेला गाइड घ्यावा. प्रत्येकाकडे बर्फाखालून संकेत देणारा ट्रान्सीव्हर, फावडं आणि शोधकाठी असावी, आणि ती वापरायचा सराव आधी झालेला असावा. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जंगलाच्या वरचे उतार टाळावेत. आणि स्की न करणाऱ्या पर्यटकाने वरच्या स्थानकाच्या आसपास, खुणा केलेल्या जागेतच राहावं. फोटोसाठी एखाद्या टोकदार धारेकडे जाऊ नये, कारण धारेवर पुढे झुकलेला बर्फाचा छज्जा वरून जमिनीसारखाच दिसतो.

वाऱ्याला कमी लेखू नका. दुसरा टप्पा हिवाळ्यात बंद राहतो तो बऱ्याचदा बर्फामुळे नव्हे, वाऱ्यामुळे. जून २०१७ मध्ये तर भर उन्हाळ्यात, पहिल्या टप्प्यावर, वाऱ्याने उन्मळलेलं झाड गोंडोलाच्या तारेवर पडून सात जणांचा मृत्यू झाला होता. तेव्हा ‘तिकीट काढलंय, सोडा ना’ म्हणून कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणाऱ्याने थोडा विचार करावा. वारा साधारणपणे दुपारनंतर वाढतो आणि ढगही तेव्हाच धारेवर चढतात, म्हणून वरचा मजला गाठायचा तो सकाळीच. वारा थंडी कशी वाढवतो याचंही गणित आहे. उणे आठ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे अठरासारखी लागते. खाली बाजारात नुसत्या स्वेटरवर चहा घेणारा माणूस तासाभरात तिथे उभा असतो. म्हणून एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा थर घ्या. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा, आणि बाहेरून वारा व पाणी अडवणारा. सुती बनियन आणि जीन्स हे बर्फातले शत्रू. ओले झाले की वाळत नाहीत. बूट आणि ओव्हरकोट टंगमर्गला भाड्याने मिळतात, पण मोजे आणि हातमोजे आपले, कोरडे आणि दोन-दोन जोड असावेत. ऊन फसवं असतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकतो. गडद, बाजूने झाकलेला चष्मा मुलांनाही हवा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा, कारण इथे ऊन खालूनही लागतं.

उरली हवा. समुद्रसपाटीवरून येणाऱ्या मुंबई-रत्नागिरी-पणजीच्या माणसाला हा हिशेब सर्वांत आधी कळायला हवा. कुरणात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असतो, वरच्या स्थानकावर ६१ टक्के. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी. सकाळच्या विमानाने श्रीनगर, दुपारी गुलमर्ग आणि लगेच अफरवट, असा बेत म्हणजे एका दिवसात जवळजवळ चार हजार मीटर. अर्धा-पाऊण तास वर राहून खाली येणाऱ्या निरोगी माणसाला बहुधा दम लागण्यापलीकडे काही होत नाही हे खरं, आणि म्हणून ‘आमचे आजोबासुद्धा जाऊन आले’ असे दाखले मिळतात. पण विरळ हवेचा त्रास काही तासांनी सुरू होतो आणि २,५०० मीटरच्या वर मुक्काम केला तरी होऊ शकतो. म्हणजे रात्री हॉटेलात डोकं दुखलं, मळमळलं, तर ते प्रवासाचं किंवा जेवणाचं असेल असं समजून सोडून देऊ नका. एक रात्र श्रीनगरला, एक रात्र कुरणात आणि मग वर, हा क्रम शरीराला मानवतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी तिसऱ्या मजल्याआधी डॉक्टरांना विचारावं. तहान लागत नसली तरी पाणी प्यावं, पहिल्या रात्री दारू टाळावी, आणि डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावं. टंगमर्गपर्यंत पाचशे मीटर उतरण्यानेही फरक पडतो. उंचीवर सर्वांत स्वस्त औषध उतार हेच.

शेवटी परतीचा हिशेब. जो बर्फ तुम्हाला हवा असतो तोच टंगमर्गचा चढ अडवतो आणि श्रीनगरची विमानं रद्द करतो. हिमवृष्टीनंतर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडल्या जातात, तेव्हा श्रीनगरहून आणलेली गाडी टंगमर्गला थांबवून स्थानिक गाडी करावी लागू शकते. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्या वळणांवर साखळीशिवाय गाडी खरोखरच घसरते. परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस श्रीनगरात ठेवा. रस्ता सुरळीत राहिला तर तो दिवस दल सरोवरात जाईल. नाही राहिला तर त्या एका दिवसावर विमान वाचेल.

हा सगळा विचार पाठ करायची गरज नाही. निघायच्या आठवड्यात हॉटेलला फोन कराल तेव्हा ‘बर्फ आहे का?’ हा प्रश्न सोडून तीन प्रश्न विचारा. बर्फ कुठपासून आहे, टंगमर्ग, कुरण की कोंगदूरी? शेवटचा मोठा बर्फ कधी पडला, आणि त्याआधी किती दिवस कोरडे होते? गेल्या तीन-चार दिवसांत दुसरा टप्पा किती वेळा सुरू झाला? पहिल्या उत्तरावरून मुलांना कुठे खेळवायचं ते कळेल, दुसऱ्यावरून वरच्या उतारांवर किती विश्वास ठेवायचा ते, आणि तिसऱ्यावरून तिकीट कोणत्या दिवसाचं काढायचं ते. ही उत्तरं नीट देणारा हॉटेलवाला भेटला, तर त्याच्याकडेच उतरा.